गडप्रेम : ओठांवरचे आणि पायांतले

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर मान्यतेची मोहोर उमटविली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा, आणि तामिळनाडूतील जिंजी हा बारावा. वार्ता आली आणि मराठी मन उचंबळून आले. चौकाचौकांत पेढे वाटले गेले, फलक लागले, भ्रमणध्वनींच्या पडद्यांवर दिवसभर भगवे निशाण फडकत राहिले. हा आनंद योग्यच होता. शिवछत्रपतींनी ज्यांच्या आधाराने स्वराज्य उभारले, त्या दुर्गांची थोरवी जगाने मान्य करावी, याचा आनंद कोणास होणार नाही?

परंतु उत्सव सरल्यावर एक अप्रिय प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. पेढे वाटणाऱ्या आणि खाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या पायांत यांतील एक तरी गिरिदुर्ग चढून जाण्याचे बळ आहे? वीज गेली आणि उद्वाहन बंद पडले, तर चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ज्यांना दोनदा कठड्याला धरून उभे राहावे लागते, त्यांनी राजगडाच्या तीन माच्यांचे वर्णन डोळ्यांत पाणी आणून करावे, यात काही विसंगती आहे की नाही? गडांवरील आपले प्रेम ओठांवर उदंड आहे. पायांत मात्र ते उतरलेले नाही. आणि जे प्रेम पायांत उतरत नाही, ते गडांच्या काही उपयोगाचे नाही आणि आपल्याही नाही.

बसून राहिलेला समाज

हा केवळ भावनेचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जो दंडक सांगितला, तो काही मल्लांसाठी नाही. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, मध्यम वेगाने चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. मुलांसाठी रोज सरासरी एक तासाची हालचाल. एवढ्याही कसोटीला आपण उतरत नाही. 'लॅन्सेट'च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ या किमान मर्यादेच्या खाली आहेत. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आहे, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे अनुमान निघाले.

स्त्रियांच्या आकड्यापाशी मध्यमवर्गीय घरांनी थोडे थांबावे. रविवारी पहाटे मुलगा आणि वडील सहलीला निघतात, तेव्हा चार वाजता उठून डबे भरणारी आई दार लावून पुन्हा ओट्याकडे वळते. जिजाऊंचे नाव घेणाऱ्या समाजात ही रीत अजून टिकून आहे, आणि कोणाला तिच्यात वावगे वाटत नाही. कुटुंबाने चालायला आरंभ करावयाचा असेल, तर तो आईला वगळून होणार नाही, हे आधीच ठरवावे.

मग असे कसे म्हणता, गडांवर तर पाय ठेवायला जागा नसते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्या गर्दीचे स्वरूप पाहावे.

पावसाळी जत्रा

ज्याने वर्षभरात एकदाही टेकडी पाहिलेली नाही, असा तरुण जुलै महिन्यातील एका शनिवारी रात्री मुंबईहून वा पुण्याहून निघतो. त्याने भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत पाहिलेली असते. तीत हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या असतात, नाहीतर कलावंतिणीचा सुळका. पैसे भरले की बस येते, चहा-नाष्टा मिळतो, अंगावर एकसारखे सदरे चढतात. पन्नास-साठ जणांच्या त्या घोळक्यात कोणास रक्तदाबाचा विकार आहे, कोणाचा गुडघा दुखावलेला आहे, कोणास उंचीचे भय आहे, हे कोणी विचारलेले नसते. पुढे चालणारा 'लीडर' कित्येकदा स्वतःच त्या वाटेने दुसऱ्यांदा जात असतो. रात्रभर झोप नाही, पायांत गुळगुळीत तळव्याचे बूट, अंगावर भिजून जड झालेली जीन्स, पिशवीत पाण्याची एक बाटली. असा हा प्रारंभ!

याचे परिणाम काय होतात, ते दर पावसाळ्यात आपण वृत्तपत्रांत वाचतो आणि पान उलटतो. २०२३ च्या जुलै महिन्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर शेकडो माणसे तासन्‌तास अडकून पडली. ना वर जाता येई, ना खाली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळच्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. या सगळ्या काही गिर्यारोहणातील दुर्घटना नव्हेत. डोंगर, पाणी आणि पाऊस यांना जत्रेतील पाळणा समजल्याची ती किंमत आहे.

सह्याद्री हा बेसॉल्टचा, म्हणजे लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा डोंगर. पावसाळ्यात त्या पाषाणावर शेवाळ धरते आणि तो काचेसारखा निसरडा होतो. धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही. गडाची वाट आणि गुरांच्या जाण्यायेण्याने पडलेल्या ढोरवाटा यांतला फरक अनुभवी माणसालाही कळेनासा होतो. माथ्यावर जोराची सर पडली की खालचा घोटाभर पाण्याचा ओढा पाहता पाहता कमरेइतका होतो, मग खाली ऊन पडलेले का असेना. अर्थात नवख्यासाठी सर्वांत अवघड ऋतू जो, तोच आपण त्याच्या श्रीगणेशासाठी निवडला आहे. पोहायला न शिकलेल्या मुलाला पुराच्या पाण्यात ढकलण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

अशा सहली काढणाऱ्यांची एक बाजू आहे, तीही मांडली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही नसतो तर ही मुले शनिवार-रविवार मॉलमध्ये घालवती. आम्ही त्यांना निदान गडापर्यंत आणले. यात तथ्यांश आहे. त्यांतील काही जण मनापासून आणि जबाबदारीने काम करतात. परंतु गडापर्यंत आणणे आणि गडासाठी घडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. मुलाला पाठविण्यापूर्वी ती नोंदणी आहे का, पंधरा माणसांमागे किती जाणते आहेत, प्रथमोपचार कोणास येतो, एवढे तीन प्रश्न किती पालक विचारतात? शिकवणीच्या वर्गाची चौकशी आपण चार घरी करतो; डोंगराची मात्र करीत नाही.

मनाई हा उपाय नव्हे

दुर्घटना घडली की दुसरे टोक गाठले जाते. मनाई आदेश निघतो. पूर्वी आपण ज्याला '१४४ कलम' म्हणत असू आणि १ जुलै २०२४ पासून ज्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाने घेतली, त्या कलमाचा आधार घेऊन धबधबे, कडे, गड सारे काही दिवसांसाठी बंद केले जातात. जीव वाचविण्याची प्रशासनाची चिंता रास्त आहे, आणि एखादा धोक्याचा धबधबा भर पावसात बंद ठेवणे यात काहीच गैर नाही. आक्षेप आहे तो सरसकट बंदीला. आठ-आठ दिवस सराव करून येणारा शिस्तीचा गट आणि मद्याच्या बाटल्या घेऊन येणारे टोळके यांना एकाच मापाने मोजणारा आदेश पहिल्याला घरी बसवितो. दुसरे टोळके आडवाटेने जातेच. शिवाय पायथ्याच्या गावात पिठले-भाकरी आणि ताक देऊन चार पैसे मिळविणाऱ्या कुटुंबाची चूल त्या आदेशाने थंडावते, याची नोंद कोणत्या कागदावर होते?

प्रशासनासारखीच बंदी घराघरांतूनही असते. "काही नको जायला, बातम्या वाचतोस ना?" असे म्हणून मुलाला घरी बसविणारे पालक त्याला धोक्यापासून वाचविल्याचे समाधान मानतात. प्रत्यक्षात ते त्याला एका दिवसाच्या धोक्यापासून वाचवून चाळीस वर्षांच्या धोक्याच्या स्वाधीन करतात. आणि हाच मुलगा महाविद्यालयात गेला की घरी न सांगता, कोणतीही तयारी न करता, मित्रांबरोबर त्याच जुलैच्या बसमध्ये चढतो. बंदी आणि बेबंदपणा ही एकमेकींची विरोधी नावे वाटतात. खरे तर बंदीच्या पोटीच बेबंदपणा जन्माला येतो. दोहोंत एका गोष्टीचा अभाव आहे, तो म्हणजे शिक्षणाचा. चालणेही शिकावे लागते, हे आपण विसरलो आहोत.

वारीने शिकविलेले शास्त्र

हे शिक्षण परदेशातून आणावे लागेल असे मात्र नाही. आषाढी वारीत आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तीन आठवड्यांच्या आत-बाहेर चालून पंढरीस पोहोचते. त्या वाटेवर पुणे ते सासवड हा मोठा पल्ला आहे, त्यात दिवे घाटाची चढण आहे. आणि ती चढण डोक्यावर तुळस घेतलेल्या, साठी ओलांडलेल्या मायमाउल्या चढून जातात. त्यांच्यापाशी महागडे बूट नसतात की नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ नसते. मग कशाच्या बळावर चढतात? श्रद्धेच्या, हे तर खरेच. पण त्या श्रद्धेला एका पक्क्या पद्धतीची जोड आहे आणि ती पद्धत प्रत्येक नवख्या भटक्याने समजून घ्यावी अशी आहे.

एक तर वारकरी वर्षभर शेतात, रानात, घरात राबलेला असतो. त्याचे पाय आषाढात प्रथमच जमिनीला लागत नाहीत. दुसरे, मुक्काम, विसावा आणि भोजनाची जागा आधी ठरलेली असते. कोणी लहर लागली म्हणून पुढे धावत नाही. तिसरे, दिंडी एका लयीत चालते. मुखात अभंग असल्यामुळे धाप लागेल इतक्या वेगाने चालताच येत नाही. आजचे व्यायामशास्त्र मध्यम श्रमाची जी खूण सांगते, ती हीच : चालता चालता बोलता आले पाहिजे, बोलणे तुटू लागले तर वेग कमी करावा. चौथे, दिंडीचा वेग सर्वांत सावकाश चालणारा ठरवितो, आणि मागे राहिलेल्याची विचारपूस होते. गडवाटेवर झालेल्या अनेक अपघातांचे मूळ या चौथ्या नियमाच्या भंगात सापडेल. दमदार पोरे पुढे निघून जातात, दमलेला एकटा मागे राहतो, वाट चुकतो, आणि काळोख पडल्यावर त्याची आठवण होते.

ही पद्धत रक्तात असलेल्या समाजाने चालण्याचा आरंभ जत्रेतून करावा, याचे वाईट वाटते.

आरंभ कोठून करावा?

टीका करणाऱ्याने पर्याय सांगितला पाहिजे. पर्याय सोपा आहे. म्हणूनच तो कोणाला आकर्षक वाटत नाही. गडाची पहिली पायरी गडावर नसून आपल्या उंबऱ्याबाहेर असते.

प्रथम हिशेब समजून घ्यावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा बांधला, तो आजही जगभर वापरला जातो. सपाटीवर पाच किलोमीटरांना एक तास, आणि चढणीच्या दर सहाशे मीटर उंचीला आणखी एक तास. हा आडाखा सवयीच्या माणसासाठी आहे. नवख्याने त्यात निम्मी भर घालावी. पुण्याजवळच्या सिंहगडाचे उदाहरण घेऊ. आतकरवाडीहून पायवाटेने सुमारे तीन किलोमीटर अंतर आणि सहाशे मीटरांच्या आसपास चढण आहे. आडाख्याने दीड-पावणेदोन तास येतात. नवख्यास अडीच तास लागले तर त्यात कमीपणा नाही. आता हीच उंची घरात मोजावी. इमारतीचा एक मजला तीन मीटरांचा धरला, तर सहाशे मीटर म्हणजे दोनशे मजले. ज्याला चार मजले जड जातात, त्याने थेट दोनशे मजल्यांची उडी घ्यावी का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा दोन महिन्यांचा संकल्प करावा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास सपाटीवर चालावे. पुढचे दोन आठवडे पाऊण तास चालावे आणि घरच्या जिन्याच्या पाच-दहा मजल्यांची भर घालावी. पाचव्या आठवड्यापासून दोन दिवस जवळची टेकडी चढावी. पुणेकरांना पर्वती आहे, तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे. नाशिककरांना पांडवलेणी आहेत. सातारकरांच्या तर उशाशी अजिंक्यतारा आहे. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीची वाट आहे. ज्या गावात टेकडी नाही, तेथे जिना आहे आणि नदीचा वा तलावाचा बांध आहे. शेवटचे दोन आठवडे तीच टेकडी पाठीवर चार-पाच किलोंचे ओझे घेऊन एका दमात दोनदा चढावी-उतरावी. ज्या दिवशी हे करून दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर जाता येईल, त्या दिवशी गडाचा विचार करावा.

याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस सूर्यनमस्कार आणि बैठका असाव्यात. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी आयुष्यभर खटपट केली; त्या वारशासाठी मासिक शुल्क भरावे लागत नाही. बैठकांचे महत्त्व गड उतरताना कळते. चढताना छाती भरून येते, म्हणून लोक चढणीला भितात. वस्तुतः गुडघ्यांची परीक्षा उतरणीवर होते. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, आणि अशा श्रमाची सवय नसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे नकोसे होते. अपघातही उतरताना, थकलेल्या पायांनी आणि घरी परतण्याच्या घाईतच अधिक होतात. उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, हातात काठी असावी. काठीची लाज वाटण्याचे कारण नाही. ती वारकऱ्याच्या आणि धनगराच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच आरंभ करावा. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. छातीत दाब जाणवला, भोवळ आली, श्वास पुरेना, तर तो अवमान समजू नये. तेथेच थांबावे, सोबत्यांना सांगावे. "एवढ्याने काय होते" असे म्हणणारा सोबती टाळावा.

पहिला गड निवडताना कीर्ती पाहू नये, वाट पाहावी. रुळलेली, माणसांचा राबता असलेली, अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल अशी वाट असावी. लोहगड आहे, सिंहगड आहे, देवगिरी आहे. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. तेथील लोखंडी शिड्या पुढच्या वर्षीही तेथेच असतील. ऋतू कार्तिक ते माघ असावा. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी माथा गाठावा, आणि परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे. ती वेळ झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी मागे वळावे. मागे वळणे हा पराभव नव्हे. राजगड घेतल्याविना परत येणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघण्याचा काळ तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच संपला.

सामान थोडके असावे. माणशी दोन-तीन लिटर पाणी, चिमूटभर मीठ-साखर आणि एक लिंबू, दशम्या वा भाकरी, गूळ-शेंगदाणे, टोपी, विजेरी, शिटी, प्रथमोपचाराची पिशवी आणि खाचांच्या तळव्याचे बूट. नवे बूट घालून गडावर जाऊ नये. आधी महिनाभर रस्त्यावर घालून पायाला रुळवावेत. मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्यांपाशी धूर करू नये, उग्र अत्तर लावू नये. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून निघावे. वाट अनोळखी असेल तर गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. अडचण आली तर तोच प्रथम धावून येतो, आणि त्याच्या पाठोपाठ लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आपली कामे टाकून, रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात. आपल्या बेफिकिरीचे ओझे त्यांच्या खांद्यांवर टाकण्याचा आपल्याला काय अधिकार?

गड कोणाचे?

काही जण म्हणतील, रायगडावर आता रज्जुमार्ग आहे, पुष्कळ गडांवर मोटार जाते. एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? वृद्धांसाठी, अपंगांसाठी, आजाऱ्यांसाठी ती सोय असावी, नव्हे असलीच पाहिजे. राजधानीचे दर्शन त्यांना दुर्लभ का व्हावे? परंतु धडधाकट माणसाने रज्जुमार्गाने जाऊन तासाभरात परतावे आणि गड पाहिला म्हणावे, यात त्याचीच हानी आहे. रायगड राजधानीसाठी का निवडला गेला, याचे उत्तर पुस्तकातील पानापेक्षा त्याच्या पायऱ्या चढताना अधिक स्पष्ट कळते. सामान वाहताना आपली ही अवस्था होते, तर शस्त्रे घेऊन चढणाऱ्या शत्रूची काय होत असेल, हे पोटऱ्या सांगतात. गडावरचे टाके पाहून पाण्याचे मोल कळते ते तहान लागल्यावर. गो. नी. दांडेकरांनी 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली ती आयुष्यभर गडवाटा तुडविल्यानंतर. म्हणून तिच्यातला गड वाचकाला जिवंत वाटतो. आपल्या मुलांना इतिहास नीरस वाटतो अशी तक्रार आपण करतो. त्यांना तो आपण केवळ बसवून शिकविला, हे सांगत नाही.

आणि येथेच या विषयाचे खरे गांभीर्य आहे. जागतिक वारशाच्या मान्यतेने गडांवरील माणसांचा ओघ वाढणार, हे उघड आहे. विचारी, शिस्तीची कुटुंबे घरी बसली, तर गड आपोआप दोनच शक्तींच्या हाती जातील. एक, भोंगे आणि बाटल्या घेऊन येणारी जत्रा. दुसरी, तिला कंटाळून फाटकाला कुलूप लावणारे प्रशासन. तटावर नावे कोरणाऱ्याला हटकणारा, प्लॅस्टिक उचलून खाली आणणारा, चुकलेल्याला वाट दाखविणारा माणूस हवा असेल, तर आधी तो तेथवर चालत पोहोचला पाहिजे. गडसंवर्धनावरील दहा भाषणांनी जे होणार नाही, ते महिन्यातून एकदा शांतपणे गड चढणाऱ्या शंभर कुटुंबांच्या उपस्थितीने होईल.

यासाठी नवी समिती स्थापन करण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गृहसंकुलात पाच-सहा कुटुंबांनी एकत्र यावे. एकाने वेळ पाळण्याचे पाहावे, एकाने प्रथमोपचार शिकावा, शाळेतल्या मुलाने निवडलेल्या गडाचा इतिहास वाचून सर्वांना सांगावा. रोजचे चालणे, आठवड्याची टेकडी आणि महिन्याचा गड असा क्रम लावावा. शाळांनी वार्षिक सहल थीम पार्ककडे वळविण्यापूर्वी जवळच्या गडाचा विचार करावा, आणि त्याआधी सहा आठवडे मुलांना मैदानावर चालवावे. नगरपालिकांकडे मागणी करावयाचीच असेल, तर नव्या पुतळ्याआधी चालण्याजोगा पदपथ आणि बांधकामांपासून वाचविलेली टेकडी मागावी.

येत्या रविवारी कोणत्याही गडावर जाऊ नये, अशी वाचकांना कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला उठून, आईसह सर्वांनी घराबाहेर पडावे आणि अर्धा तास चालून यावे. सोमवारी पुन्हा जावे, मंगळवारीही जावे. हा क्रम दोन महिने मोडला नाही, तर तिसऱ्या महिन्यात सिंहगडाच्या वाटेवर धाप न लागता मुलाला तानाजी मालुसऱ्यांची कथा सांगता येईल. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री ते वीर ज्या कड्याने चढले, त्या कड्याकडे मान वर करून पाहण्याचा अधिकार त्या दिवशी आपल्या पायांनी मिळविलेला असेल.